सुटला, म्हणजे काय ठरले?

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात यंदा यात्रेची बैठक मोडली. वर्गणीवरून नाही, पालखीच्या मानावरून नाही, एका निकालपत्रावरून. गावच्या पतसंस्थेचे माजी सचिव अपहाराच्या खटल्यातून ११ वर्षांनी सुटले. कलम ४०९, ४२०, ४६७, ४६८, ४७१. सहकारी संस्थेतला पैसा गेला की जी कलमे एका दमात लागतात, ती सगळी त्यांच्यावर लागली होती. निकालाच्या दिवशी भावकीने हलगी लावून गुलाल उधळला. पुढच्या बैठकीत एकाने सुचवले की अण्णांना पुन्हा यात्रा कमिटीचे खजिनदार करावे, कोर्टानेच त्यांना निर्दोष ठरवले आहे. पलीकडून आवाज आला, ‘निर्दोष कसला? पुरावा न्हवता म्हणून सुटला. खाल्लं त्यानंच.’ त्यानंतर जे झाले ते लिहिण्यासारखे नाही.

आठवड्याने अण्णा साताऱ्यात माझ्या ऑफिसात आले. खटला माझ्याकडे नव्हता, जुनी ओळख होती इतकेच. शर्टाच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कागद. निकालपत्राचे शेवटचे पान, लॅमिनेट केलेले. वर ‘आदेश’, खाली शिक्का, मधे चार ओळी: आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येते, अपील झाल्यास हजर राहण्याचा जातमुचलका द्यावा, मुद्देमाल अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करावा. हे पान ते बँकेत दाखवतात, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही दाखवतात. मला म्हणाले, ‘वकीलसाहेब, कोर्टानं लिहून दिलंय की मी न्हाई केलं. तरी माणसं ऐकंनात.’

कोर्टाने तसे लिहून दिलेले नाही. हे त्यांच्या तोंडावर सांगणे जड गेले, पण सांगितले, आणि इथेही तेच सांगायचे आहे. माणूस निष्पाप आहे का, हे ठरवायला फौजदारी न्यायालय बसलेले नसते. सरकारने ठेवलेला आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला का, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर ते देते. उत्तर ‘नाही’ आले की आरोपी सुटतो. म्हणून ‘कोर्टाने सोडले, म्हणजे त्याने केलेच नाही’ हे म्हणणे चूक. आणि ‘नुसता सुटलाय, केले त्यानेच’ हे म्हणणे त्याहून मोठी चूक. पहिल्या चुकीने फार तर एखाद्याला न मिळालेले प्रशस्तिपत्र मिळते. दुसरीने माणसाला शिक्षा होते, आणि ती देणाऱ्याला साक्ष, उलटतपासणी, अपील यांतले काहीच लागत नाही. मनात शंका ठेवायला कुणाचीच ना नाही. ती शंका त्या माणसावर वसूल करण्याचा अधिकार मात्र कुणालाही नाही. आणि खरे काय घडले, हा जो प्रश्न निकालानंतरही उरतो, तो सुटलेल्या माणसाला नव्हे, तपास करणाऱ्या यंत्रणेला विचारायला हवा.

घोटाळ्याचे एक मूळ आपल्या भाषेत आहे. कायदा म्हणतो ‘दोषी नाही’. आपण मराठीत म्हणतो ‘निर्दोष’. निर्दोष आपण कशाला म्हणतो? ज्यात खोट नाही, डाग नाही, त्याला. म्हणजे न्यायालय पुराव्याबद्दल बोलते आणि आपण ते माणसाबद्दल ऐकतो. मग सुटलेला आपला वाटला तर बातमीत ‘निर्दोष मुक्तता’ होते, परका वाटला तर ‘पुराव्याअभावी सुटका’ होते. आतले निकालपत्र उघडले तर दोन्हीकडे आदेशाची ओळ तीच असते.

जुलै २०२५ मध्ये हे आपण साऱ्या महाराष्ट्राने केले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यातील सर्व १२ जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. दहा दिवसांनी, ३१ जुलैला, विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपींना सोडले. दोन्हीकडे कारण एकाच जातीचे: सरकार पक्ष आरोप सिद्ध करू शकला नाही. पण त्या दहा दिवसांत साताऱ्याच्या बार रूमपासून पोवई नाक्यावरच्या चहाच्या गाड्यांपर्यंत मी जे ऐकले त्याने मन विटले. पहिल्या निकालाला ‘पुरावा नाही म्हणून सुटले’ म्हणणारेच दुसऱ्या निकालाला ‘सत्याचा विजय’ म्हणत होते. आणि पहिल्यात न्याय झाला म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना दुसऱ्यात यंत्रणा विकली गेलेली दिसली. निकाल कुणी वाचले होते? आरोपींची नावे वाचून निकालाचा अर्थ लावायचा असेल तर साक्षीपुराव्याला एवढी वर्षे कशाला घालवायची? मालेगावच्या निकालात न्यायालयाने मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना ५० हजार रुपये भरपाईचा आदेश दिला. म्हणजे आरोपी सोडतानाच न्यायालय सांगत होते की स्फोट झाला, माणसे मेली. तो कुणी केला, हा प्रश्न दोन्ही खटल्यांत तसाच उघडा पडलेला आहे. त्या प्रश्नासाठी मात्र कुणी रस्त्यावर आले नाही.

आता समोरच्या बाजूचे सगळ्यात जोरकस म्हणणे. ते माझ्यापुढे कुठल्या विद्वानाने नव्हे, त्याच गावच्या एका ठेवीदार आजींनी मांडले. नवऱ्याच्या फंडातले ४० हजार त्यांनी पतसंस्थेत ठेवले होते. त्यांनी विचारले, ‘त्यो सुटला म्हंजी पैसं कुणी खाल्लं मग?’

या प्रश्नाला ‘संशयाचा फायदा’ हे उत्तर होत नाही. आमच्या जिल्ह्यातला कुठलाही वकील सांगेल की खटले कसे मरतात. पंच फितूर होतो, कारण पंच आणि आरोपी एकाच पाणी योजनेचे सभासद असतात. साक्षीदाराचा ऊस आरोपीच्या चुलत्याच्या टोळीने तोडायचा असतो. तपासी अंमलदार तीनदा बदललेला असतो आणि चौथ्याला कागद कुठे आहेत हे माहीत नसते. अशा वाटेने खरे गुन्हेगार सुटतात, नेहमी सुटतात, आणि ज्याचे गेले त्याला ते डोळ्यांनी दिसते. १९७३ साली महाराष्ट्रातल्याच एका खून खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी संशयाच्या फायद्याची नको तितकी भक्ती करू नका, असे बजावले होते. खालच्या न्यायालयाने सोडलेल्याला उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा तिथे सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. हे सगळे मान्य आहे. पण त्याच निकालपत्रात त्यांनी असेही लिहिले की ‘केले असावे’ आणि ‘केलेच असले पाहिजे’ यांत फार मोठे अंतर आहे. संशयाचे भूत करू नका, हे एक. अंदाजाला पुरावा म्हणू नका, हे दुसरे. आपल्या चर्चेत पहिले वाक्य तेवढे लक्षात राहते.

आजींच्या प्रश्नासाठी मी अण्णांच्या निकालपत्राची पूर्ण नक्कल मागवून घेतली. ४६ पाने. ज्या व्हाउचरवर अण्णांनी खोटी सही केल्याचा आरोप होता ती मूळ व्हाउचर कोर्टात आलीच नाहीत, झेरॉक्स आल्या. झेरॉक्सवरून सहीबद्दल ठाम मत देता येणार नाही, असे हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितले. लेखापरीक्षकाने उलटतपासणीत कबूल केले की कपाटाची दुसरी किल्ली चेअरमनकडे असे. जप्तीच्या पंचनाम्यावर फाइलची नोंद आहे, मुद्देमालाच्या यादीत ती फाइल नाही. मी ही पाने दोनदा वाचली, वीस वर्षांच्या वकिलीतले सगळे डोळे लावून वाचली. अण्णांनी पैसे खाल्ले की नाही, हे मला आजही माहीत नाही. आणि ज्यांनी एक पानही वाचले नाही त्यांना ते पक्के माहीत आहे.

कुणी म्हणेल, परक्याच्या खटल्यात शांत राहणे सोपे असते. तर माझ्या जिव्हाळ्याचा खटला सांगतो. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. ते आमच्यासाठी वर्तमानपत्रातले नाव कधीच नव्हते; कबड्डीच्या मैदानावरचा खेळाडू, व्यसनमुक्तीच्या कामातले डॉक्टर म्हणून माणसे त्यांना ओळखत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. १० मे २०२४ ला न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडले. सोडताना न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढले, एकाबाबत खुनामागचा हेतू दिसतो, दुसऱ्या दोघांबाबत वाजवी संशय आहे, असेही नोंदवले. पण पुरावा त्या पायरीला पोचला नाही. तो दिवस मला आठवतो. सूत्रधार कोण, हे कळले नाही याची चीड आजही आहे. पण ती चीड घेऊन मी त्या तिघांना ‘खुनी’ म्हणू लागलो तर काय होईल? पुराव्यावाचून विश्वास ठेवू नका, हे सांगण्यात ज्या माणसाचे आयुष्य गेले, त्याच्याच नावाने मी पुराव्यावाचून निर्णय दिलेला असेल. माझी चीड जिथे जायला हवी तो पत्ता वेगळा आहे. पहिल्या काही महिन्यांत तपास का भरकटला, हा प्रश्न ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांच्या दारात अजून पडून आहे.

याच तर्काची दुसरी बाजू आहे, आणि ती फारसे कुणी बोलत नाही. आरोपी सुटला की फिर्यादी खोटा ठरतो, असा समज सर्रास आहे. विशेषतः फिर्यादी बाई असेल तर निकालाच्या संध्याकाळपासून तिचे गावात फिरणे मुश्कील होते; ‘खोटी केस केली’ हा शिक्का तिच्यावर बसतो. कुठल्या न्यायालयाने तो मारला? आरोप सिद्ध झाला नाही, एवढेच ठरले. ती खोटे बोलली, हा स्वतंत्र आरोप आहे, त्यालाही स्वतंत्र पुरावा लागतो, आणि तो येईपर्यंत तीही निर्दोष मानली गेली पाहिजे. संशयाचा फायदा आरोपीला देणारे लोक तोच फायदा तिला का नाकारतात? एकाच निकालातून आरोपी आणि फिर्यादी दोघेही ताठ मानेने बाहेर पडू शकतात. कायद्याला त्यात काहीच अडचण नाही, अडचण आपल्याला आहे.

‘कोर्टाला काय कळतंय, गावाला सगळं माहीत असतं’ हे आणखी एक वाक्य. गावाला बरेच माहीत असते, हे खरे. पण आपण सातारकर रामशास्त्र्यांचे नाव अभिमानाने घेतो, ते प्रभुणे इथल्याच माहुलीचे. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा रामशास्त्र्यांनी आधी चौकशी केली आणि मग राघोबादादांना तोंडावर दोषी सांगितले. त्याच खुनात आनंदीबाईंवर कुठल्याही न्यायासनापुढे खटला चालला नाही. तरी ‘ध’ चा ‘मा’ त्यांनीच केला, हे अडीचशे वर्षे आपण शाळेतल्या पोराला शिकवतो. एका बाईला आपल्या भाषेने वाक्प्रचारातच जन्मठेप दिली आहे. त्यांनी ते केले नसेलच असे मी म्हणत नाही. मला फक्त दाखवायचे आहे की सगळ्यांना माहीत असणे म्हणजे काय असते.

हे फार जुने वाटत असेल तर ५ मार्च २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. महाराष्ट्रातले सहा जण, सगळे भटक्या जमातीतले, दरोडा, खून आणि बलात्काराच्या गुन्ह्यात फाशीच्या छायेत. २००९ मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली होती आणि उरलेल्या तिघांची शिक्षा वाढवून फाशी केली होती. दहा वर्षांनी फेरविचारात दिसले की घटनेतल्या प्रत्यक्ष साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांकडे तपास वळलाच नाही. सहाही जण सुटले, प्रत्येकी पाच लाख भरपाईचा आदेश झाला, तोवर १६ वर्षे गेली होती. इतक्या पायऱ्यांवर इतक्या शहाण्या माणसांना हे का दिसले नाही? १८७१ च्या कायद्याने ज्या समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ‘यांनीच केले असणार’ ही सवय उरली. आमच्या भागात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या पालावर जाते, हे सांगायला नको.

सरकारने आरोप ठेवायचा आणि सिद्ध करायची वेळ येऊ द्यायची नाही, असे झाले तर? तोही अनुभव या शहराच्या गाठीशी आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कंपनी सरकारने राजद्रोही कारस्थानाचे आरोप ठेवले. पुरावे त्यांना नीट दाखवले नाहीत, उघड सुनावणी दिली नाही. १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यात आला आणि दोष कबूल करा, गादी राखा, असा देकार ठेवला. महाराजांनी नकार दिला. ५ सप्टेंबरला गादी गेली, पुढे काशीला पाठवले, १८४७ मध्ये तिथेच ते वारले. त्यांच्यासाठी रंगो बापूजी लंडनला जाऊन सुमारे १४ वर्षे दारोदार फिरले. ते काय मागत होते? आमचे ऐकून घ्या, चौकशी करा. ज्या ‘नुसत्या सुटलेल्या’ निकालाला आपण तुच्छ लेखतो, तो मिळण्याची संधीसुद्धा एका छत्रपतीला नाकारली गेली होती. साताऱ्याच्या टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकाकडे फिरायला जातो तेव्हा खाली शहर बघताना मला हे अनेकदा आठवते.

मग अण्णांना खजिनदार करायचे का? माझे उत्तर बैठकीतल्या कुठल्याच गटाला आवडणार नाही. खजिनदारपद हा हक्क नाही, विश्वासाचा भाग आहे, आणि विश्वास कोर्टाच्या हुकमाने बसत नाही. गावाने दुसरा माणूस नेमला तर अण्णांवर अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या मुलीची सोयरीक त्या कारणाने मोडणे, त्यांना कर्ज नाकारणे, बैठकीत ते बसले की उठून जाणे, ही शिक्षा आहे, आणि ती द्यायचा अधिकार गावाला कुठल्या कायद्याने दिलेला नाही. नोकरीचे प्रकरण याहून अवघड, हे मान्य करतो. फौजदारीतून सुटला म्हणून खात्याची चौकशी आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तिथे पुराव्याचे माप वेगळे असते, शक्यता कुणीकडे झुकते एवढे पाहिले जाते. सहकार कायद्यातही कलम ८८ खाली आर्थिक जबाबदारी निश्चित करण्याची वाट वेगळी आहे. लहान मुलांच्या शाळेने अधिक कडक माप लावले तर मला ते गैर वाटत नाही. अट एकच: माप लावणार असाल तर चौकशी लावा, नोटीस द्या, त्याचे म्हणणे लेखी घ्या. कुजबुजीवर कुणाला घरी बसवू नका.

काही मित्र सुचवतात की मग ‘सिद्ध झाले नाही’ असा तिसरा निकालच का नसावा, म्हणजे खरा निष्पाप आणि नुसता सुटलेला वेगळे दिसतील. स्कॉटलंडने तो शेकडो वर्षे वापरला. सुटणाऱ्याच्या कपाळावर त्याने कायमचे बोट ठेवले, आणि पीडितांच्या घरच्यांनाही काही दिले नाही. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने तो निकाल रद्द करणारा कायदा केला. आपल्याकडे शब्दाची नव्हे, वेगळ्याच गोष्टीची उणीव आहे. चुकीच्या खटल्यात वर्षे गेलेल्यांना भरपाई देण्यासाठी स्वतंत्र तरतूद करा, असे विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात सुचवले; तसा कायदा अजून झालेला नाही. आणि खटला कोसळला तर तपास कुठे चुकला, हे बघणारी पद्धत आमच्या जिल्ह्यात तरी मी पाहिलेली नाही. आजींना ४० हजारही मिळाले नाहीत आणि उत्तरही नाही. अण्णांची ११ वर्षे गेली. दोघांचे देणेकरी एकच आहेत, आणि गावाने त्या दोघांनाच एकमेकांसमोर उभे केले.

म्हणून मी एक अर्ज लिहून दिला आहे. जप्तीच्या पंचनाम्यात असलेली व्हाउचरची फाइल मुद्देमालाच्या यादीत का नाही, ती शेवटची कुणाच्या ताब्यात होती, आणि कलम ८८ ची चौकशी कुठवर आली, एवढेच तीन प्रश्न. एक प्रत पोलिस अधीक्षकांना, एक जिल्हा उपनिबंधकांना. ठेवीदारांच्या सह्या घ्यायला कागद गावात फिरतो आहे. आजींनी पहिला अंगठा दिला. गेल्या रविवारपर्यंत २३ सह्या झाल्या होत्या. अण्णांची स्वतःचीही संस्थेत ठेव होती. तेविसावी सही त्यांची आहे.